लुटुपुटीचा रुग्ण आणि दूरचा शिक्षक

एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयात सहज घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. खोलीत खाटेवर माणसाएवढा प्लास्टिकचा पुतळा निजवला आहे. भोवती तीन परिचारिका उभ्या आहेत. टेबलावर संगणक असून त्याच्या पडद्यावर तीनशे किलोमीटर दूरच्या शहरातील एक डॉक्टर दिसत आहेत. तेच आज या तिघींचा तास घेणार आहेत. "रुग्णाचे हृदय बंद पडले आहे, सुरू करा!" असे ते सांगतात. एक परिचारिका दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पुतळ्याच्या छातीच्या मध्यभागी दाब देऊ लागते. "छान! असेच चालू ठेवा," डॉक्टर म्हणतात. तास संपतो. सगळे समाधानाने घरी जातात.

परंतु या तासात एक मोठी चूक झाली आणि ती कोणालाच दिसली नाही. अशा वेळी मोठ्या माणसाची छाती दर दाबाला ५ ते ६ सेंटिमीटर खाली जावी लागते. ती परिचारिका जेमतेम ३ सेंटिमीटर दाबत होती. कॅमेरा पुतळ्याच्या बरोबर वर, छताला टांगलेला होता. वरून पाहणाऱ्याला हात हलताना दिसतात, पण ते किती खोल जातात हे कळत नाही. विहिरीच्या काठावरून डोकावून पाण्याची खोली सांगता येत नाही, तसेच हे.

पुतळ्याचे काही बिघडले नाही. पण उद्या तेच हात खऱ्या माणसाच्या छातीवर तेवढाच दाब देतील. हृदय हे छातीचे मधले हाड आणि पाठीचा कणा यांच्या दरम्यान असते. वरून पुरेसा दाब पडला तर त्यातील रक्त पुढे ढकलले जाते आणि मेंदूपर्यंत पोहोचते. दाब अपुरा पडला तर रक्तही अपुरे पोहोचते. रक्त थांबले की चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. म्हणजे त्या तासात एक घातक सवय शिकवली गेली, आणि तीही शाबासकी देऊन!

यंत्रे ठीक होती. डॉक्टर जाणकार होते. परिचारिका मेहनती होती. मग चुकले कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधणारे एक शास्त्र आहे. त्याचा विषय म्हणजे 'मानवी घटक'. माणसाचे डोळे, कान, स्मरणशक्ती, लक्ष आणि स्वभाव यांच्या मर्यादा ओळखून काम कसे मांडावे, याचा विचार हे शास्त्र करते.

भोपळ्यापासून पुतळ्यापर्यंत

खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी खोट्यावर सराव करावा, ही कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेतील एक अख्खा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. शास्त्र कितीही पाठ असले तरी हाताला सराव नसेल तर शिष्य कामाला योग्य ठरत नाही, असे त्यात बजावले आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर करावा, शीर टोचण्याचा कमळाच्या देठावर करावा, टाके घालण्याचा कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या काठांवर करावा, आणि पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर करावा, असे हे तपशीलवार मार्गदर्शन आहे.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कूद्रे नावाच्या एका सुईणीने कापड, कातडे आणि भुसा-कापूस वापरून बाळंतिणीचा पुतळा तयार केला. त्याला ती 'यंत्र' म्हणे. १७५९ साली राजा पंधरावा लुई याने तिला देशभर फिरून सुईणींना शिकवण्याचे काम दिले. पुतळा बरोबर घेऊन ती वर्षानुवर्षे गावोगाव हिंडली आणि हजारो स्त्रियांनी तिच्याकडून बाळंतपणाची विद्या घेतली.

१९६० साली नॉर्वेतील आस्मुन्द लार्दाल या खेळणी बनवणाऱ्या गृहस्थाने डॉक्टरांच्या सल्ल्याने 'ॲन' नावाची बाहुली तयार केली. कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवण्यासाठी ती होती. तिच्या छातीत स्प्रिंग होती. किती जोर लावायचा हे ती स्प्रिंग शिकणाऱ्याच्या हातालाच सांगत असे. आज अशा पुतळ्यांना नाडी असते, त्यांचे डोळे उघडझाप करतात, आणि संगणकाच्या आज्ञेनुसार त्यांचा रक्तदाब घसरतोही. असा लुटुपुटीचा, पण खऱ्यासारखा प्रसंग उभा करून शिकवण्याला 'सिम्युलेशन' म्हणतात.

मादाम द्यु कूद्रे स्वतः पुतळ्याबरोबर गावात जात असे. आता पुतळा गावात राहतो आणि शिक्षकाचे फक्त चित्र व आवाज तेथे पोहोचतात. २०१० च्या सुमारास कॅनडातील टोरांटो शहरातल्या शल्यविशारदांनी या रीतीने आफ्रिकेतील बोट्स्वाना देशातील डॉक्टरांना दुर्बिणीतून करावयाच्या शस्त्रक्रियेचे हात शिकवले. साहित्य साधेच होते: सरावाची पेटी, कॅमेरा आणि संगणक. नुसता स्वतःचा स्वतः सराव करणाऱ्यांपेक्षा दूरच्या शिक्षकाकडे शिकलेल्या डॉक्टरांना चाचणीत अधिक गुण मिळाले. पुढे २०२० साली कोविडच्या साथीत एकत्र जमणे अशक्य झाले, तेव्हा ही पद्धत जगभर वापरली गेली. म्हणजे दुरून शिकवता येते, यात शंका नाही. मात्र त्यासाठी अंतर काय हिरावून घेते हे आधी ओळखावे लागते.

वैमानिकांकडून मिळालेला धडा

मानवी घटकांचा अभ्यास वाढला तो विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ जातीची बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावरही जमिनीवर पोट टेकत. कारण वैमानिक चुकून चाकेच आत ओढून घेत. १९४३ साली आल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने विमानात बसून पाहिले. चाकांची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ शेजारी-शेजारी व अगदी सारख्या होत्या! त्याने एका कळीला चाकाच्या आकाराची मूठ लावायला सांगितली आणि दुसरीला पाचरीच्या आकाराची. न बघताही हाताला फरक कळू लागला आणि हा घोटाळा थांबला. 'वैमानिक निष्काळजी आहेत' असे म्हणून चापानिस गप्प बसला असता, तर पोट टेकणे चालूच राहिले असते.

दुसरा धडा अधिक कटू होता. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत पोर्टलंड शहराजवळ एक प्रवासी विमान चाकांच्या बिघाडामुळे सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले. कप्तानाचे सारे लक्ष चाकांवर होते. इंधन संपत आले आहे हे सहकाऱ्यांना दिसत होते. ते तसे सुचवतही होते, पण कप्तानाला थांबवील इतक्या ठामपणे कोणी बोलले नाही. अखेर इंधन संपून विमान कोसळले आणि दहा जण दगावले. त्यानंतर वैमानिकांना विमान चालवण्याबरोबरच एकमेकांशी बोलायचे कसे, हेही शिकवले जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी ही शिकवण पुतळ्याच्या साहाय्याने शस्त्रक्रियागृहात आणली.

ती किती गरजेची आहे हे २००५ साली इंग्लंडमध्ये दिसले. एका तरुण स्त्रीला साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली आणि तिचा श्वासमार्ग बंद झाला. अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करीत राहिले. गळ्याला छेद देऊन वाट करण्याचे साहित्य एका परिचारिकेने आणून ठेवले होते. पण डॉक्टरांचे लक्ष नळीवरच खिळले होते आणि परिचारिकांना त्याहून जोराने बोलण्याचा धीर झाला नाही. काही दिवसांनी ती स्त्री मरण पावली. तिचा पती वैमानिक होता. पोर्टलंडच्या विमानात जे घडले तेच येथे घडले, हे त्याने ओळखले आणि पुढे डॉक्टरांना मानवी घटक समजावून देण्याचे काम हाती घेतले.

आता आपल्या खोलीकडे परत येऊ. शिक्षक दूर गेला की चार गोष्टी बदलतात: नजर, कान, वेळ आणि धीर. त्या एकेक करून पाहू.

१. नजर

खोलीत उभा असलेला शिक्षक मान वळवतो, वाकून पाहतो, बाजूला सरकतो. आपण असे करतो हे त्याला जाणवतही नाही. कॅमेरा मात्र बसवला तेथूनच पाहतो. शिवाय त्याचे चित्र सपाट असते. कॅमेऱ्याच्या दिशेने होणारी हालचाल सपाट चित्रात जवळजवळ दिसत नाही, आडवी होणारी स्पष्ट दिसते. म्हणून छातीवरील दाब पाहायचा तर कॅमेरा बाजूला, पुतळ्याच्या छातीच्या पातळीवर हवा. दुसरा कॅमेरा साऱ्या खोलीसाठी हवा. पुतळ्याच्या छातीत दाब मोजणारी सोय असेल तर खोली आणि वेग यांचे आकडेच शिक्षकाला पाठवावेत. जे डोळ्यांनी नीट दिसत नाही त्याचा अंदाज बांधू नये, ते मोजावे.

२. कान

आपल्याला दोन कान का आहेत? दोन कानांमध्ये साधारण २० सेंटिमीटर अंतर असते. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून उजव्या बाजूने आलेला आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या सुमारे सतराशेव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो, आणि गलबल्यातूनही हवा तो आवाज वेचून काढतो.

खोलीत एकच मायक्रोफोन असेल तर हा फरक नाहीसा होतो. तिघींचे बोलणे, यंत्राची पीं-पीं आणि पंख्याची घरघर यांचा एकच गोळा शिक्षकाच्या कानी पडतो. कोण बोलले हेही त्याला कळत नाही. यावर उपाय साधा आहे. नाव घेऊन सांगावे, ऐकणाऱ्याने तेच उलट म्हणावे आणि काम झाल्यावर 'झाले' असे सांगावे.

"शोभा सिस्टर, ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम शिरेतून द्या."

"ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम, शिरेतून देते आहे."

"ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम दिले."

तिसरे वाक्य येईपर्यंत आज्ञा पुरी झाली असे मानायचे नाही. नुसते "कोणीतरी औषध द्या" म्हटले तर काय होईल? एक तर कोणीच देणार नाही, नाहीतर दोघी देतील!

३. वेळ

विषुववृत्तावर स्थिर भासणारे दळणवळणाचे उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात. संदेश वर जाऊन खाली यायला ७१,६०० किलोमीटर अंतर तोडतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला सुमारे ०.२४ सेकंद लागतो. शिक्षकाला चूक ०.२४ सेकंद उशिरा दिसते, आणि त्याचा शब्द आणखी ०.२४ सेकंदाने पोहोचतो. एकूण जवळजवळ अर्धा सेकंद! काचतंतूतून संदेश गेला तर तीनशे किलोमीटरला सेकंदाचा हजारावा-दोन हजारावा नव्हे, तर हजाराव्या भागाच्या दीडपट इतकाच वेळ लागतो. पण चित्राचे आकड्यांत रूपांतर करणे, ते दाबून लहान करणे आणि पुन्हा उलगडणे यांतही वेळ जातोच.

अर्ध्या सेकंदाने काय बिघडते? समोरासमोरच्या गप्पांत एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी ०.२ सेकंदाचेच अंतर असते. उशीर त्याहून मोठा झाला की दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, आणि मग दोघेही 'बोला, बोला' म्हणत बसतात. टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका बाजूचा उशीर ०.१५ सेकंदाच्या आत असलेला बरा.

आता छातीवरील दाबाचा विचार करा. त्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० असावा लागतो. ११० धरला तर एका दाबाला सुमारे ०.५५ सेकंद मिळतो. म्हणजे उशीर अर्ध्या सेकंदाचा असेल तर दूरचा शिक्षक जवळजवळ पूर्ण एका दाबाने मागे पडेल. तो टाळ्या वाजवून ठेका देऊ लागला तर शिकणारीचा ताल सुधारण्याऐवजी बिघडेल. म्हणून ठेका देणारे यंत्र पुतळ्याजवळच ठेवावे, आणि दूरच्या शिक्षकाने क्षणाक्षणाच्या सूचना न देता दर दोन मिनिटांनी थांबून बोलावे.

४. धीर

चौथी गोष्ट मोजता येत नाही, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. वर्गात तुम्हाला शंका आली तर तुम्ही लगेच हात वर करता असे नाही. कपाळाला आठी पडते, ओठ किंचित उघडतात, शेजाऱ्याकडे नजर जाते. चांगला शिक्षक ते टिपतो आणि विचारतो, "काय रे, काही अडले का?" पडद्यावर हे बारकावे दिसत नाहीत. त्यातच मायक्रोफोन बंद असेल तर बोलण्याआधी बटण दाबावे लागते. संकोच करणाऱ्याला तेवढे निमित्तही गप्प बसायला पुरते.

म्हणून धीर आपोआप येईल असे न मानता त्याची तजवीज आधी करावी लागते. तास सुरू होण्यापूर्वी शिक्षकाने स्पष्ट सांगावे, 'येथे चुका करण्यासाठीच जमलो आहोत. मी चुकलो तर मलाही अडवा.' सर्वांनी मिळून एक थांबण्याचा शब्द ठरवावा. तो कोणीही उच्चारला की सगळे थांबतील. मधून मधून शिक्षकाने एकेकीचे नाव घेऊन 'तुम्हाला काही वेगळे दिसते का?' असे विचारावे. पुतळ्याजवळ एक जाणता मदतनीस असावा. तो शिक्षकाचे डोळे आणि हात होतो. सरावाच्या औषधांवर 'फक्त सरावासाठी' अशी ठळक चिठ्ठी आहे ना, विजेचा झटका देणारे यंत्र खरे असेल तर ते कोणाला लागणार नाही ना, हेही तोच पाहतो. शिक्षक दूर असतो, पण खोलीतला धोका जवळच असतो.

तास संपल्यावर

पुतळ्यावरचा प्रसंग दहा मिनिटांत आटोपतो. त्यानंतरची चर्चा मात्र बहुधा त्याहून जास्त वेळ चालते, आणि खरे शिक्षण तेथेच होते. 'कोण चुकले?' हा प्रश्न त्या चर्चेत विचारायचा नसतो. 'त्या क्षणी तुम्हाला काय दिसत होते? काय वाटले म्हणून तसे केले?' असे विचारायचे असते. चापानिसने वैमानिकांना दोष न देता कळी पाहिल्या, तशीच ही रीत आहे.

आपल्या प्रसंगात अशी चर्चा झाली असती तर ती परिचारिका कदाचित म्हणाली असती, "खाट उंच होती, मला जोर लावता येत नव्हता." मग पायाखाली पाट आला असता, कॅमेरा छतावरून खाली बाजूला आला असता, आणि पुढच्या वेळी पुतळ्याची छाती पाच सेंटिमीटर खाली गेली असती. एक पाट आणि कॅमेऱ्याची बदललेली जागा, एवढ्याने पुढे एखाद्या खऱ्या माणसाचा प्राण वाचू शकतो.

पुतळा तक्रार करीत नाही. म्हणून त्याच्या वतीने पाहण्याची, ऐकण्याची आणि विचारण्याची जबाबदारी माणसांवर येते.

करून पाहा

१. दोन मित्र पाठीला पाठ लावून बसा. एकाने त्रिकोण, वर्तुळे आणि रेघा यांची एक आकृती काढावी आणि दुसऱ्याला ती केवळ शब्दांनी सांगावी. पहिल्या खेपेस ऐकणाऱ्याने काही बोलायचे नाही. दुसऱ्या खेपेस नवी आकृती घ्या, आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक सूचना उलट म्हणून दाखवावी व शंका विचारावी. दोन्ही खेपांच्या चुका मोजा.

२. दोघांनी समोरासमोर बसून १ ते २० आकडे आळीपाळीने म्हणा: एकाने १, दुसऱ्याने २, असे भरभर. १ म्हणणाऱ्याने घड्याळ लावावे आणि २० ऐकताच बंद करावे. मग वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन हेच फोनवरून करा. प्रत्येक आकडा एकदा फोनमधून जातो, म्हणून जास्त लागलेल्या वेळाला २० ने भागा. समजा, आधी १० सेकंद लागले आणि फोनवर १४, तर एका बाजूचा उशीर ४ ÷ २० = ०.२ सेकंद. तुमच्या फोनवर तो किती येतो? तेवढ्या उशिराने मिनिटाला ११० चा ठेका दुरून देता येईल का, याचा हिशेब करून पाहा.